मागच्या सीटवर मास्तर

मास्तरांचं सगळं आयुष्य गाडीत गेलं, पण डावीकडच्या सीटवर. स्टेअरिंग शिकणाऱ्याच्या हातात, आणि शिकणाऱ्याचा, रस्त्यावरच्या माणसांचा आणि स्वतःचा जीव मास्तरांच्या पायांत. त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या छोट्या पांढऱ्या गाडीला डाव्या बाजूलाही एक क्लच आणि एक ब्रेक होता. तीसेक वर्षं त्या दोन पेडलांच्या वर पाय अधांतरी धरून ते बसले होते.

स्कूल म्हणजे गल्लीच्या तोंडाशी एक खोली. भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, ऊन खाऊन खाऊन त्यातला लाल रंग गुलाबी झालेला. दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक पंखा, आणि टेबलावर खेळण्यातल्या चार मोटारी, ज्या सरकवून मास्तर चौकात कोणी आधी जायचं ते समजावत. सकाळी उजाडल्यापासून संध्याकाळपर्यंत एकामागून एक माणसं यायची आणि त्याच रस्त्याने जायची. पाण्याची टाकी, मग गोल चौक, मग हॉस्पिटलच्या मागचा चढ. त्या चढावर गाडी थांबवायची, आणि मागे न घसरता पुन्हा उचलायची. निम्मी हयात मास्तरांनी त्या चढावर काढली. तिथल्या भिंतीचा पोपडा कुठून कुठवर पसरत आला हे त्यांना पाठ होतं.

हमालाला येतो तसा हा थकवा नव्हता. हा दचकण्याचा थकवा होता. दिवसभर दचकायचं आणि तोंडावर काही दिसू द्यायचं नाही. "काही हरकत नाही, पुन्हा करू," असं म्हणायचं, आणि आत काळीज लोलकासारखं हलत असायचं. घरी आले की ते स्टुलावर पाय टाकून बसत आणि बायको बोलेल त्याला "हं" म्हणत.

त्यांची बायको चष्म्याच्या दुकानात काम करायची. फ्रेममध्ये काचा बसवायच्या, कानामागे टोचतंय म्हणणाऱ्यांच्या काड्या वाकवून द्यायच्या. तीही दिवसभर मान खाली घालून थकायची, पण तिचा थकवा बोलका होता. तो स्वयंपाकघरात भांड्यांच्या आवाजातून बाहेर पडायचा आणि संपायचा. मास्तरांचा मुक्कामाला राहायचा.

दोघांची मुलगी दुसऱ्या शहरात नोकरी करत होती. एकदा फोनवर ती म्हणाली, "बाबा, सगळ्या जगाला तुम्ही गाडी शिकवलीत, आणि आईला अजून स्कूटरवर मागे बसवून नेता. काहीतरी वाटू द्या!" बायको शेजारीच उभी होती. ती काही बोलली नाही. ती बोलली नाही याचा मास्तरांनी जो अर्थ काढायचा तो काढला. त्यानंतर आठवड्याभरात घरात गाडीचा विषय निघाला, आणि एकदा निघाला तो मिटलाच नाही.

गाडी ठरली ती हल्ली सगळे घेतात तशी. दिसायला जीपसारखी रुबाबदार, लांबीला मात्र गल्लीत वळेल एवढीच. कॉम्पॅक्ट एसयूव्ही. सीट उंच, म्हणजे उठता-बसता मास्तरांच्या गुडघ्यांना बरं. क्लच नसलेली, म्हणजे डाव्या पायाला बरं. रंग बायकोने निवडला, ओल्या पाटीसारखा. बुकिंग केल्यावर गाडी हातात यायला बरेच दिवस गेले. या काळात मुलगी फोनवर रोज नवी चौकशी करायची, की छताला काच आहे का, मागे कॅमेरा आहे का, सीटला गार हवा आहे का. मास्तर म्हणायचे, "चार चाकं आहेत बहुतेक."

गाडी घ्यायला दोघं शोरूममध्ये गेले. तिथली मुलगी उत्साहाने भरलेली होती. तिने मास्तरांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि वाकून एकेक गोष्ट दाखवायला सुरुवात केली. "सर, हा इंडिकेटर. वर केला की एका बाजूचा, खाली केला की दुसऱ्या बाजूचा. आणि सर, हे आरसे. निघण्याआधी तिन्ही आरसे लावून घ्यायचे हं."

"लावतो," मास्तर म्हणाले.

बायकोने मान फिरवून दुसऱ्याच एका गाडीच्या चाकाकडे एकाग्रतेने पाहायला सुरुवात केली. तिचे खांदे हलत होते.

शोरूमच्या बाहेर पडून गाडी मोठ्या रस्त्याला लागली. सीट उंच असल्यामुळे पुढचं बॉनेट पूर्ण दिसत होतं, रिक्षांची टपं दिसत होती. स्टेअरिंग एका बोटाने वळेल इतकं हलकं. उजवीकडे बसून मास्तरांना मात्र चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. सगळं आरशात पाहिल्यासारखं उलटं. पहिल्या वळणापाशी वेग कमी करताना डावा पाय सवयीने क्लच शोधत गेला, आणि क्लच समजून त्याने रुंद ब्रेक कचकन दाबला. गाडी जागच्या जागी खिळली. बायकोची पिशवी डॅशबोर्डवर आपटली, पिशवीतून चष्म्याची डबी उडून काचेला लागली, आणि मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्नवरचा हात काढलाच नाही.

"डावा पाय कुठे चाललाय?" मास्तर मोठ्याने ओरडले.

"कोणाला म्हणताय?" बायकोने विचारलं.

त्यांनी डावा पाय सीटखाली मागे सारला आणि तो तिथेच दाबून ठेवला.

पुढच्या सिग्नलला आणखी एक झालं. गाडी थांबली आणि इंजिन आपोआप बंद पडलं. पेट्रोल वाचावं म्हणून तशी सोय असते, ब्रेकवरचा पाय काढला की ते आपलं आपण सुरू होतं. शोरूममधल्या मुलीने हे सांगितलं होतं, पण तेव्हा मास्तर आरशांच्या अपमानातून सावरत होते. गाडी बंद पडली! त्यांनी घाईघाईने इंजिन सुरू करायचं बटण दाबलं, आणि त्यामुळे गाडी खरोखरच बंद झाली. समोरच्या पडद्यावर काहीबाही अक्षरं उमटली, कसलीशी धून वाजली. दिवा हिरवा झाला. बंद पडलेल्या गाडीत बसून मागच्यांचे हॉर्न ऐकणं मास्तरांना नवं नव्हतं. पण तेव्हा गुन्हेगार शेजारी बसलेला असायचा आणि मास्तर त्याला म्हणायचे, की वाजवू दे त्यांना, आपण घाबरायचं नाही. आता तसं म्हणायला कोणी नव्हतं. बायको चष्म्याची डबी शोधत होती.

घरी पोचेपर्यंत गाडी त्यांना शिकवतच राहिली. पट्टा लावा, टिंग. कडेच्या रेषेवर आलात, टिंग टिंग. मागे घेताना भिंत जवळ आली, टिं-टिं-टिं. दुसऱ्यांना असं टोकून टोकून मास्तरांचा घसा बसला होता, आता स्वतःला ऐकून घ्यायची पाळी आली. गाडी लावून ते खाली उतरले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

वरच्या मजल्यावरचे शेजारी लगेच खाली आले. त्यांना प्रत्येक नव्या वस्तूत मालकापेक्षा जास्त रस असायचा.

"मास्तर, आता तुम्हीच सांगा. तुमच्यासारख्या जाणकाराचं मत म्हणजे शेवटचा शब्द. कशी आहे?"

"बरी आहे," मास्तर म्हणाले.

"बरी म्हणजे? खड्ड्यात?"

"हळू असताना जरा उडवते. वेग घेतला की नाही जाणवत."

"पिकअप?"

"ठीक. पायाखाली थोडी थरथर आहे."

"आणि एकंदर?"

एकंदर काय सांगावं? इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या आल्या की हातात पहिल्यांदा किल्ली घेतलेल्या माणसाचा चेहरा मास्तरांनी जवळून पाहिला होता. नर्स असो, भाजीवाला असो, प्रोफेसर असो, चेहरा तोच. तो चेहरा आपल्याला येईना, हे त्यांना गाडीच्या काचेत दिसत होतं. "एकंदर उंच आहे," ते म्हणाले आणि घरात गेले.

त्यानंतर गाडी उभी राहिली. स्कूल चालत जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे रोज काढायचं कारण नव्हतं. रविवारी काढू म्हटलं तर रविवारी मास्तरांना पाय खाली टेकवावेसे वाटत नसत. पहिल्या रविवारी त्यांना पाठदुखी होती. पुढच्या रविवारी आभाळ भरून आलं आहे असं त्यांनी सांगितलं. बायकोने खिडकीबाहेर पाहिलं. ती दुकानातलं काचा पुसायचं मऊ फडकं घेऊन खाली जायची, गाडीत एकटीच बसून पडद्यावरचे बोटांचे ठसे पुसायची आणि वर यायची. गाडीवर धूळ बसली. बॉनेटवर गल्लीतली मांजर झोपायला लागली. मुलगी फोनवर विचारायची, "कुठे कुठे जाऊन आलात?" आणि दोघं एकमेकांकडे पाहायची.

एका संध्याकाळी बायकोने ताट वाढलं आणि स्वतः समोर बसली.

"अहो, गाडीत काही बिघाड आहे का?"

"नाही."

"मग तुमच्यात आहे?"

मास्तरांनी तोंडातला घास संपवला. मग म्हणाले, "मला गाडीचा कंटाळा आलाय."

"नवीन गाडीचा?"

"सगळ्याच गाड्यांचा. रस्त्याचा. हॉर्नचा. आरशात बघायचा. सकाळी किल्ली हातात घेतली की हात जड होतो माझा. दिवसभर तेच, आणि रविवारी पुन्हा तेच करून त्याला मजा म्हणायचं? मला नाही जमत गं."

"मग घेतलीत कशाला?"

"तुला हवी होती म्हणून."

"मला?" बायको हातातली पळी धरून तशीच राहिली. "मला वाटलं तुमचा जीव अडकलाय तिच्यात! दर वेळी बाजारातून येताना त्या शोरूमसमोर थांबायचात ना काचेतून बघत."

"गुडघा दुखायचा. तिथे कट्टा आहे टेकायला."

बायकोला हसू फुटलं. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते हसण्याचं होतं की कशाचं, हे मास्तरांना नीट कळलं नाही. ते जेवत राहिले. दमलेल्या माणसाला दुसऱ्याचं रडणं ओळखायलाही ताकद लागते.

"विकून टाकू," ते शेवटी म्हणाले.

"काही विकायची नाही," बायको म्हणाली. "मी चालवते."

मास्तरांच्या हातातलं पाणी सांडलं. आता हिला शिकवायचं! तोच चढ, तीच भिंत, आणि शेजारी बायको. त्यांच्या चेहऱ्यावरचं तिने वाचलं असावं.

"घाबरू नका. तुमच्याकडे नाही शिकायची. एक तर लायसन्स मिळेल नाहीतर संसार टिकेल, दोन्ही नाही व्हायचं. मी ताईंकडे जाते."

ताई म्हणजे मागच्या रस्त्यावर दुसरं ड्रायव्हिंग स्कूल चालवणारी बाई. एके काळी मास्तरांकडेच गाडी शिकलेली. तिची गाडी लाल होती, आणि तिच्या स्कूलच्या पाटीवर "न ओरडता शिकवतो" असं लिहिलं होतं. शिकवताना मास्तर कधीच ओरडत नसत, तरी ती पाटी आपल्यालाच उद्देशून लिहिल्यासारखी त्यांच्या मनाला लागायची. आता खुद्द मास्तरांची बायको तिच्या गाडीत बसणार! चारचौघांत काय तोंड दाखवायचं, असं त्यांच्या जिभेवर आलं होतं. पण वाद घालायलाही अंगात त्राण लागतं. ते "बरं" म्हणाले आणि झोपायला गेले.

दुकान उघडण्याआधी सकाळी बायकोचा वर्ग असायचा. घरी आल्यावर ती एक अक्षर सांगायची नाही, आणि मास्तर विचारायचे नाहीत. फक्त जेवताना तिचा डावा पाय टेबलाखाली हळूहळू वर येताना दिसायचा. क्लच सोडत होती. नवी गाडी बिनक्लचची असली तरी ताईंचं म्हणणं, शिकायचं तर सगळंच शिकायचं. मास्तरांना मनातून ते पटलं.

एका सकाळी गोल चौकाच्या सिग्नलला मास्तरांची पांढरी गाडी उभी होती. स्टेअरिंगवर एक नर्स होती, रात्रपाळी करून थेट शिकायला येणारी, सिग्नलला थांबलं की डोळे मिटणारी. शेजारी एक लाल गाडी हळूहळू, लंगडत आल्यासारखी, येऊन थांबली. स्टेअरिंगवर मास्तरांची बायको. खांदे कानांपर्यंत चढलेले, ओठ घट्ट. डावीकडे ताई, हातांची घडी घालून शांत बसलेल्या. ताईंनी मास्तरांना नमस्कार केला. मास्तरांनी तो स्वीकारला. बायकोने समोरची नजर हलवली नाही.

दिवा हिरवा झाला. लाल गाडीने एक गचका दिला आणि बंद पडली.

मागून हॉर्न सुरू झाले. बायकोचं कपाळ घामाने चमकत होतं. मास्तरांचा उजवा पाय आपल्या बाजूच्या ब्रेकवर घट्ट दाबला गेला, जसं काही इथून दाबल्याने ती गाडी सावरेल. त्यामुळे निघू लागलेली नर्सची गाडीही बंद पडली. मग दोन्ही स्कूलच्या दोन गाड्या रस्ता अडवून शेजारी शेजारी उभ्या, आणि सगळा चौक शंख करत होता.

"मास्तर, मी काय केलं?" नर्सने दचकून विचारलं.

"काही नाही. मी केलं," मास्तर म्हणाले. "वाजवू दे त्यांना."

पलीकडे बायकोने किल्ली फिरवली, पाय उचलला, आणि गाडी न धडपडता निघाली. वळताना ती इंडिकेटर द्यायला विसरली नाही, हेही मास्तरांनी पाहिलं. त्या दिवशी त्यांनी नर्सचा वर्ग लवकर आटोपला आणि तिला घरी जाऊन झोपायला सांगितलं.

बायको पहिल्या खेपेला परीक्षेत नापास झाली. मागे घेताना तिने उभा केलेला डबा पाडला. दुसऱ्या खेपेला पास झाली. लायसन्स हातात आलं त्या रविवारी तिने गाडीवरची धूळ पुसली, मांजराला हाकललं आणि मास्तरांना खाली बोलावलं. तिच्या बहिणीकडे जायचं होतं, शहराच्या दुसऱ्या टोकाला.

मास्तर डावीकडे बसले. सीट ओळखीची, रस्ता ओळखीचा, पण पायाखाली काही नाही! नुसती चटई. गल्ली संपायच्या आत त्यांनी चटईवर चार वेळा ब्रेक मारला. हात दरवाजाच्या वरच्या कडीला गेला. तोंडातून "सावकाश" निघालं नव्हतं, पण श्वास निघत होता, आणि तो जास्त ऐकू येत होता.

बायकोने गाडी कडेला घेतली. टिं-टिं-टिं झालं, आणि मग कर्र्र असा आवाज आला. डावा दरवाजा एका खांबाला घासला होता. दोघं खाली उतरून पाहून आली. पाटीवर खडूने ओढावी तशी लांब पांढरी रेघ.

"तुम्ही शेजारी असलात की माझे हात थरथरतात," बायको म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता, आणि तो आवाज मास्तरांना आपलाच वाटला. "उतरा तुम्ही, नाहीतर मागे बसा."

मास्तर मागे बसले.

मागच्या सीटवर ते कधी बसलेच नव्हते, कुठल्याच गाडीत. गुडघ्यांपुढे बरीच जागा होती. मधोमध जमिनीला उंचवटा होता, तिसऱ्या माणसाची पंचाईत करणारा. गार हवा मागे जरा उशिरा यायची. सीटची पाठ थोडी सरळ, पण टेकता येत होतं. समोर बायकोच्या अंबाड्याखाली मानेवर एक बारीक तीळ होता, तो त्यांना बऱ्याच वर्षांत दिसला नव्हता. डाव्या पायाला करायला काही नव्हतं. उजव्यालाही नाही.

गाडी पाण्याच्या टाकीवरून गेली, गोल चौक वळली, हॉस्पिटलच्या मागे चढाला लागली. रस्त्यावर नजर ठेवायची गरज नव्हती, तेव्हा ती वर गेली. भिंतीच्या पलीकडे हॉस्पिटलच्या खिडक्या होत्या, एकीत कोणी पंचा वाळत घातला होता, दुसरीत एक म्हातारा हनुवटी टेकवून खाली बघत होता.

"इथे खिडक्या आहेत?" मास्तर म्हणाले.

"कुठे?"

"वर, हॉस्पिटलला."

"हॉस्पिटलला खिडक्या असतात हो," बायको म्हणाली, आणि तिने चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलली. गाडी केसभर मागे गेली असेल किंवा नसेल.

पुढे पूल आला, पुलानंतर मोकळा रस्ता. बायकोचे खांदे हळूहळू खाली उतरले. एका बसने बाजूने झोकात कट मारला तेव्हा तिने तिला उद्देशून एक शेलका शब्द वापरला, तो ताईंच्या शिकवणीतला नव्हता.

सगळं काही बदललं असं नाही. सोमवारी मास्तर पुन्हा पांढऱ्या गाडीत डावीकडे बसले, तोच चढ, तेच दचकणं. संध्याकाळी पाय स्टुलावर तसेच जायचे. सकाळी मात्र बायको दुकानाला जाताना त्यांना स्कूलच्या दारात सोडायला लागली, चार पावलांचं अंतर असलं तरी. ते मागच्या दाराने उतरायचे. वर्गासाठी थांबलेली माणसं टक लावून पाहायची, ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांना बायको गाडीने सोडते म्हणून. पहिले काही दिवस मास्तरांनी मान खाली घातली. मग तेवढेही कष्ट घेईनासे झाले. दरवाजावरच्या रेघेला रंग लावून घ्यायचं दोघांच्याही डोक्यात होतं, पण ते राहूनच गेलं.

एका रविवारी बहिणीकडून परत येताना बायकोने आरशातून मागे पाहिलं. "खरं सांगा," ती म्हणाली, "कशी चालवते मी?"

मास्तर खिडकीला डोकं टेकवून बसले होते. त्यांनी जरा आठवून पाहिलं.

"नाही सांगता येणार," ते म्हणाले. "मी बाहेर बघत होतो."

बायकोने इंडिकेटर दिला आणि गाडी घराच्या रस्त्याला वळवली.